आधी पत्रा, मग पाणी

तरंगत्या सौरऊर्जेचा विषय कोल्हापुरात निघाला की बोटं लगेच पाण्याकडे वळतात. रंकाळा आहे, कळंबा आहे, राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी अशी धरणं आहेत, पंचगंगा तर शहराला खेटून वाहते. एवढं पाणी असलेल्या जिल्ह्यानं त्यावर पॅनेल टाकून वीज का काढू नये, आणि ती उद्यमनगरातल्या, शिरोलीतल्या, इचलकरंजीतल्या लहान कारखानदाराला स्वस्तात का मिळू नये, असं विचारलं जातं. विचारणं रास्त आहे. कच्चा माल, मजुरी आणि वीज या तीन खर्चांपैकी विजेवर लहान उद्योजकाचा सगळ्यात कमी ताबा असतो. दर तो ठरवत नाही, बिल मात्र दर महिन्याला भरावंच लागतं. पण ही चर्चा पाण्यापासून सुरू होते तिथंच ती फसते. ती मीटरपासून सुरू व्हायला हवी. वीज कोण वापरतो, किती वापरतो, दिवसाच्या कोणत्या वेळेला वापरतो आणि त्याचं मीटर पाण्यापासून किती लांब आहे, हे आधी पाहायला हवं.

माझं म्हणणं असं आहे. एकट्यादुकट्या लहान उद्योजकानं तरंगत्या प्रकल्पाच्या मागं लागू नये, त्यानं आधी आपल्या छताचा हिशोब करावा. पाण्यावरची वीज दोनच प्रकारे परवडेल. एक तर वीज खाणारी मोटर पाण्याच्या काठावरच बसलेली असली पाहिजे, नाहीतर चाळीस-पन्नास उद्योजकांनी सहकारी संस्था काढून एकत्र आलं पाहिजे. या दुसऱ्या वाटेसाठी शासनाला काही निर्णय आत्ताच घ्यावे लागतील. ते घेतले नाहीत तर जिल्ह्यातलं चांगलं पाणी मोठ्या प्रकल्पांच्या करारात जाईल आणि लहान माणसाला त्यात जागाच उरणार नाही.

हिशोब भट्टीपासून मांडू, कारण कोल्हापूरच्या उद्योगाचा कणा फौंड्री आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट लागतात. दिवसाला पाच टन ओतणारी छोटी फौंड्री धरली, तर नुसत्या वितळवण्याला तीन हजार युनिट झाले. आपल्याकडे एक किलोवॅट सौर पॅनेल वर्षाला साधारण चौदाशे युनिट देतं, म्हणजे सरासरीनं दिवसाला चारच्या आसपास. तीन हजार युनिटांसाठी आठशे किलोवॅटचा प्रकल्प लागेल. छतावर एका किलोवॅटला शंभर चौरस फूट धरतात. आठशे किलोवॅटला ऐंशी हजार चौरस फूट पत्रा झाला, आणि एवढा पत्रा कुठल्याही लहान फौंड्रीकडे नाही. फौंड्रीवाल्याची नजर पाण्याकडे जाते ती यामुळे, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

मशीन शॉपचं गणित मात्र अगदी वेगळं आहे. पाच हजार चौरस फुटांच्या शेडवर पन्नास किलोवॅट बसतात आणि त्यातून दिवसाला दोनशेच्या घरात युनिट येतात. चार-पाच लेथ, एखाददुसरं व्हीएमसी (संगणकावर चालणारं कटाईचं यंत्र) आणि कॉम्प्रेसर एका पाळीत चालवणाऱ्याचा मोठा वाटा त्यात भागतो. हुपरीतला चांदी कारागीर, सुभाषनगरातला चप्पल कारागीर यांची गरज तर दोन-पाच किलोवॅटच्या आत असते. यांना तळं दाखवणं म्हणजे त्यांचा वेळ घालवणं आहे.

मग एवढं सोपं असताना सगळ्यांच्या छतावर पॅनेल का दिसत नाहीत? शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात एखाद्या जुन्या शेडच्या छतावर शिडी लावून चढून पाहिलं की उत्तर मिळतं. सिमेंटचा पत्रा चाळीस वर्षांचा झालेला असतो, पाय ठेवला की कुरकुरतो. पत्रा पेलणाऱ्या खालच्या कैच्या त्या वेळच्या हिशोबानं बांधलेल्या, त्यावर पॅनेल आणि स्ट्रक्चरचं वजन टाकायला कुठलाही इंजिनिअर सहजासहजी सही देत नाही. पॅनेल बसलेलीच असतील तर त्यांच्या काचेवर बोट फिरवून पाहावं. शेजारच्या फौंड्रीच्या वाळूची आणि धुराची काळसर साय बोटाला लागते. ती नुसत्या पाण्यानं जात नाही, फडकं मारावं लागतं, आणि आठवडाभरात ती पुन्हा जमते. तिच्यापायी जाणारी वीज वर्षाच्या हिशोबात चांगलीच जाणवते.

त्यापुढची अडचण मालकीची. उद्यमनगरातले कितीतरी गाळे भाड्याचे आहेत. इचलकरंजीत खर्चीवाला यंत्रमागधारक दुसऱ्याच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या सुतावर माग चालवतो. अकरा महिन्यांच्या करारावर बसलेला माणूस पंचवीस वर्षं चालणाऱ्या पॅनेलमध्ये पैसे कसे घालणार? यंत्रमागाला राज्य शासनाची वीजसवलत असल्यामुळे त्याचा युनिटचा दर आधीच कमी आहे, म्हणजे सौरऊर्जेतून वाचणारे पैसेही कमी. घरासाठी सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान देते, पण ती फक्त घरांना आहे. कारखानदाराला मिळतो तो आयकरात ४० टक्के घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीपैकी नफ्यातून वजा होणारी रक्कम, आणि तो उपयोगी पडतो नफा दाखवणाऱ्याला. नफाच तुटपुंजा असेल तर घसारा घेऊन करायचं काय?

म्हणजे छत नसलेला, छत मोडकं असलेला आणि छत पुरत नसलेला असे तीन प्रकारचे लहान उद्योजक खरोखर अडलेले आहेत. तरंगत्या सौरऊर्जेचा विचार यांच्यासाठीच करायचा आहे.

आता पाण्याकडे येऊ. रंकाळ्याचं नाव यादीतून आधी काढून टाकावं. तो शहराचा श्वास आहे, तिथं लोक संध्याकाळी फिरतात, पक्षी येतात, आणि जलपर्णी व सांडपाणी यांच्याशी त्याची लढाई अजून संपलेली नाही. त्यावर काळी पॅनेल अंथरायचा विचारसुद्धा मला सहन होणार नाही, आणि कोल्हापूरकरही तो होऊ देणार नाहीत. कळंब्याचं पाणी प्यायलं जातं, तिथं फार सावधगिरी हवी. पंचगंगेचा तर विषयच नको. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. उन्हाळ्यात ज्या पात्रात दगड दिसतात, तिथं जुलैत झाडंच्या झाडं वाहून येतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यापूर्वी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून पूर सोडून देतात, कारण आपल्या नदीला अडवून धरता येत नाही हे इथल्या माणसांना केव्हाच कळलं होतं. अशा नदीत तरंगता प्रकल्प नांगरणं म्हणजे पैसे वाहत्या पाण्यात टाकणं.

राहिली धरणं. इथं जिल्ह्याचा नकाशा आडवा येतो, आणि चर्चेत याच गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. आपलं पाणी पश्चिमेला आहे आणि ऊन पूर्वेला. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. राधानगरी, दाजीपूर, पाटगाव हा सगळा पट्टा जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगात असतो. त्या चार महिन्यांत पॅनेलमधून फार थोडी वीज निघते. पूर्वेकडे हातकणंगले आणि शिरोळमध्ये पाऊस कितीतरी कमी, ऊन स्वच्छ, आणि कारखानेही तिकडेच जास्त. शिवाय राधानगरीचा लक्ष्मी तलाव अभयारण्याच्या कुशीत आहे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या दूरदृष्टीनं ते धरण हाती घेतलं, त्या धरणाच्या जंगलात आता नव्या वीजवाहिन्यांसाठी झाडं पडावीत असं मला वाटत नाही. धरणांजवळ जलविद्युत केंद्रं आहेत, त्यांच्या वाहिन्या वापरता येतील, दिवसा ऊन आणि रात्री पाणी अशी जोडी जमेल, हा युक्तिवाद खोटा नाही. पण ते शेकडो कोटींचं काम आहे आणि त्यातून निघणारी वीज राज्याच्या ग्रीडला जाईल. उद्यमनगरातल्या गाळ्याच्या बिलात तिचा एक रुपयाही दिसणार नाही.

तंत्राबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चित्रात ते फार सोपं दिसतं. पॅनेलखाली एचडीपीई प्लास्टिकचे पोकळ तरंगते ठोकळे असतात. प्रत्येकाच्या कोपऱ्याला कान असतात, ते एकमेकांत अडकवून वरून पिना ठोकतात आणि ओळी तयार करतात. हा सगळा तराफा दोरांनी काठाला किंवा तळाशी टाकलेल्या काँक्रीटच्या नांगरांना बांधतात. पाणी चढलं-उतरलं की दोराला ढील हवी, पण इतकी नको की वाऱ्यानं तराफा फिरून पॅनेलची तोंडं दक्षिणेकडून भलतीकडे जातील. केबल पाण्यावर तरंगत काठापर्यंत आणतात. पावसाळ्यातल्या दमट सकाळी कनेक्टरमध्ये ओल शिरली की इन्व्हर्टर इन्सुलेशन फॉल्ट दाखवून बंद पडतो आणि ऊन तापेपर्यंत सुरू होत नाही. छतावर हे दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन शिडी लावून चढतो. पाण्यावर होडी लागते, पोहता येणारा माणूस लागतो, आणि दोर तुटला तर पाणबुड्या लागतो. पाणकावळे आणि बगळे पॅनेलवर बसायला लागले की धुलाईचं काम आणखी वाढतं.

फायदेही आहेत, ते नाकारायचे नाहीत. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, दर अंशाला साधारण ०.४ टक्का. पाण्यावरच्या गारव्यानं उत्पादन चार-पाच टक्क्यांनी वाढू शकतं. फौंड्रीची धूळ तलावावर कमी येते. बाष्पीभवन कमी होतं. तेलंगणातल्या रामगुंडमला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा १०० मेगावॅटचा तरंगता प्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण झाला. तो सुमारे ५०० एकर पाण्यावर पसरलेला आहे, खर्च ४२३ कोटी, आणि त्यामुळे वर्षाला साडेबत्तीस लाख घनमीटर पाण्याची वाफ होण्यापासून वाचते असं शासनानं जाहीर केलं होतं. दुष्काळी मुलुखात पाण्याची ही बचत सोन्याच्या मोलाची आहे. कोल्हापूरसारख्या पाणीवाल्या जिल्ह्यात मात्र तिचं वजन तेवढं नाही, आणि केवळ तिच्या नावावर इथं प्रकल्प खपवू नयेत.

रामगुंडमच्या आकड्यांवरून किलोवॅटला बेचाळीस हजार रुपये पडतात. हा आकडा पाहून लहान उद्योजक हुरळतो. पण तो आहे १०० मेगावॅटचा भाव. तळाची मोजणी, नांगरांचं डिझाइन, वाऱ्याचा अभ्यास, होडी, पाणबुडे हे खर्च प्रकल्प लहान केला म्हणून त्या प्रमाणात लहान होत नाहीत. पन्नास किलोवॅटलाही ते जवळजवळ तेवढेच डोक्यावर बसतात. आणि ते टाळून भागत नाही. जपानमध्ये चिबा प्रांतातल्या यामाकुरा धरणावरचा तरंगता प्रकल्प सप्टेंबर २०१९ च्या वादळात उखडला, पॅनेल एकमेकांवर चढली आणि आग लागली. पाण्यावर आग लागली ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते, पण ऊन असेपर्यंत पॅनेल वीज देतच राहतात, त्यांना बंद करायचं बटण नसतं. आपल्याकडे टायफून येत नाहीत, पण एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या आधी जो वारा सुटतो तो पत्रे उडवतो हे आपण दरवर्षी पाहतो. ऐन उन्हाळ्याच्या त्याच दिवसांत तलावही तळाला गेलेला असतो. म्हणजे ऊन सगळ्यात जास्त तेव्हा पाणी सगळ्यात कमी, आणि तराफा चिखलावर टेकलेला. तळ सपाट असेल तर चालतं, उंचसखल असेल तर ठोकळ्यांचे कान तुटतात.

पाण्यावर पॅनेल टाकण्याच्या व्यापारी वापराची सुरुवात एका द्राक्षबागेच्या तळ्यावर झाली हे इथं लक्षात घेण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात फार निएंटे नावाच्या वायनरीनं २००८ च्या सुमारास आपल्या सिंचनाच्या तळ्यावर सुमारे १७५ किलोवॅटची पॅनेल बसवली. कारण साधं होतं, द्राक्षवेल काढून जमिनीवर पॅनेल टाकणं त्यांना परवडत नव्हतं. तळं त्यांचं स्वतःचं, पंप आणि वायनरी तिथंच, वाहून न्यायची वीज नाही, आणि जमीन सोन्याच्या भावाची. हे सगळं एकत्र आलं म्हणून ते जमलं. आपल्या पंचगंगा काठच्या उसाच्या रानालाही हेच लागू होतं. तिथं बागायत काढून कुणी पॅनेल टाकू नयेत. मात्र ज्याच्याकडे स्वतःचं तळं आहे आणि मोटर त्याच तळ्याकाठी आहे, त्याच्यासाठी हा मार्ग आजही खुला आहे.

अशी माणसं जिल्ह्यात आहेत. गुऱ्हाळघर घ्या. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण गुऱ्हाळं एकेक करून बंद पडत चालली आहेत. चुलवाणाला चिपाड जळतं, वीज लागते ती उसाच्या क्रशरला आणि पाण्याच्या मोटरीला. गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्चच्या आसपास संपतो. आकाश निरभ्र असतं ते याच महिन्यांत. तीस मीटर लांब-रुंद शेततळं असेल आणि त्याचा निम्मा भाग झाकला, तर वीस-पंचवीस किलोवॅट सहज बसतात. क्रशरला तेवढे पुरेत. अडचण एवढीच की उरलेले सहा-सात महिने ती वीज कुठं जाणार याची सोय हवी, नेट मीटरिंग (जादा वीज ग्रीडला देऊन ती बिलात वळती करणं) किंवा शेतीपंप. ती नसेल तर हिशोब बसत नाही.

त्याहून मोठी जागा सहकारी पाणीपुरवठा संस्थांची. नदीवरून उपसा करून मैलोन्मैल शेतीला पाणी देणाऱ्या अशा संस्था कोल्हापूर जिल्ह्यानं उभ्या केल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या. त्यांच्याकडे शेकडो अश्वशक्तीचे पंप आहेत, उच्चदाबाची जोडणी आहे, सभासद आहेत, दरवर्षी हिशोब तपासला जातो. जिथं अशा संस्थेकडे नदीपासून दूर, पुराच्या रेषेबाहेर साठवण तळं आहे, तिथं त्यावर पॅनेल टाकून दिवसा उपसा करणं हे मला जिल्ह्यातलं सगळ्यात रास्त काम वाटतं. महापालिकेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचंही तसंच. तिथं मोटरी दिवसभर चालतात, टाक्या भिंतींच्या आत सुरक्षित असतात आणि पाण्यात कुणी उतरत नाही. मात्र हवा सोडणाऱ्या टाक्यांवर नव्हे, शुद्ध झालेलं पाणी साठवणाऱ्या टाक्यांवर.

हे झालं काठावरच्या मोटरीचं. आता छत नसलेल्या गाळेवाल्याकडे आणि पुरेसं छत नसलेल्या फौंड्रीकडे परत येऊ, कारण खरा सार्वजनिक प्रश्न त्यांचा आहे. त्यांची वीज लांबून आणावी लागणार आणि एकट्याला ते झेपणार नाही.

२००३ च्या वीज कायद्यात स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करणाऱ्या प्रकल्पाची जी व्याख्या आहे, तिच्यात सहकारी संस्थेनं सभासदांसाठी उभारलेला प्रकल्प स्पष्टपणे धरलेला आहे. २००५ च्या नियमांनुसार अशा प्रकल्पात वापरकर्त्यांची मालकी किमान २६ टक्के आणि वापर किमान ५१ टक्के असावा लागतो. सहकारी संस्था असेल तर या अटी सभासदांनी मिळून पूर्ण केल्या तरी चालतात, प्रत्येकाचा वेगळा ताळमेळ दाखवावा लागत नाही. अशा विजेवर क्रॉस सबसिडीचा अधिभार, म्हणजे इतर ग्राहकांची वीज स्वस्त ठेवण्यासाठी घेतली जाणारी जादा रक्कम, बसत नाही. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेच्या ओपन अ‍ॅक्सेसची (म्हणजे दुसरीकडची वीज वितरण कंपनीच्या तारांतून आणण्याची) किमान मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, आणि स्वतःच्या प्रकल्पातून वीज घेणाऱ्यांना तीही मर्यादा ठेवली नाही. सहकाराचं बाळकडू प्यायलेल्या या जिल्ह्यासाठी यापेक्षा अनुकूल कायदा कोणता हवा? दूध संघ, साखर कारखाने, पाणीपुरवठा संस्था काढणाऱ्या लोकांना वीज संस्था काढणं अवघड नाही.

खर्च किती येईल ते बोलू. पूर्वेकडच्या एखाद्या लघुपाटबंधारे तलावावर एक मेगावॅटचा प्रकल्प धरू. रामगुंडमच्या प्रमाणानं त्याला पाच एकर पाणी लागेल. तलावाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग झाकायचा नाही असं ठरवलं, आणि ते ठरवायलाच हवं, तर उन्हाळ्यातही पंधरा एकर पाणी टिकणारा तलाव हवा. लहान प्रकल्प म्हणून खर्च सहा कोटी धरू. पन्नास सभासद असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस किलोवॅट आणि बारा लाख. तीस टक्के भांडवल स्वतःचं म्हटलं तर साडेतीन लाखांच्या वर आणि बाकी कर्ज. वर्षाला चौदा लाख युनिट. कर्ज-व्याज आणि भांडवलाची परतफेड युनिटमागे पावणेपाच रुपयांच्या आसपास जाते, देखभाल आणि विम्याचे अर्धा-पाऊण रुपया, आणि वितरण कंपनीच्या तारांचं भाडं व गळती मिळून आणखी रुपया-दीड रुपया. एकूण साडेसहा-सात रुपये. छतावर हाच युनिट सव्वाचार-साडेचार रुपयांत पडतो, कारण तिथं नांगर नाही आणि तारेचं भाडंही नाही. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण फरकाचा अंदाज चुकीचा नाही. ज्याला पत्रा आहे त्यानं पाण्याकडे पाहू नये असं मी सुरुवातीला म्हणालो ते या दोन रुपयांच्या जोरावर.

लघुउद्योगाला सगळे आकार धरून युनिट आठ-दहा रुपयांना पडत असेल तर साडेसहा-सात रुपयांतही बचत आहे. पण ती बचत नाजूक आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दहा किलोवॅटच्या वरच्या औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांसाठी एप्रिल २०२४ पासून दिवसाच्या सौर तासांत दर किमान २० टक्के कमी आणि संध्याकाळी जास्त ठेवायला सांगितलं आहे. दिवसाची वीज ग्रीडवरूनच स्वस्त मिळू लागली की आपल्या सौर युनिटनं वाचवलेले पैसे कमी होतात. आपल्याकडच्या कितीतरी फौंड्र्या तर रात्रीच्या सवलतीसाठी भट्टी रात्रपाळीत लावायला शिकल्या. त्यांना आता पाळ्या उलट्या कराव्या लागतील, कामगारांशी बोलावं लागेल, साचे भरायचं वेळापत्रक बदलावं लागेल. पाण्यावर पैसे घालण्याआधी हे करून पाहावं. भट्टी दिवसा आणली तर एक पैसाही न गुंतवता बिल कमी होण्याची शक्यता आहे.

म्हणून या सहकारी प्रकल्पाचं भवितव्य तीन गोष्टींवर आहे, आणि तिन्ही शासनाच्या हातात आहेत. तलावाच्या पृष्ठभागाचं भाडं नाममात्र असलं पाहिजे. बोली लावून सर्वाधिक रक्कम देणाऱ्याला तलाव द्यायचा ठरवलं तर लहानांची संस्था पहिल्याच फेरीत बाहेर पडेल. प्रकल्प आणि सभासद शक्यतो एकाच उपकेंद्राच्या कक्षेत असावेत आणि तेवढ्या अंतरासाठी तारेचं भाडं सवलतीचं असावं. आणि लघुदाबाच्या ग्राहकाला, म्हणजे खऱ्या लहान माणसाला, या व्यवस्थेत घ्यायला हवं. कायदा त्याला अडवत नाही, पण खास मीटर, परवानग्या, दर पंधरा मिनिटांचा हिशोब यात तो अडकतो. पन्नास गाळेवाल्यांच्या वतीनं संस्थेनं एकच अर्ज करायचा आणि एकच हिशोब द्यायचा, अशी सोय झाली तरच यात अर्थ आहे. भाडेकरूला गाळा बदलला तरी आपला वाटा नव्या मीटरवर नेता आला पाहिजे, हे त्यातच आलं.

एक बाजू राहिली, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून कुठलाही तलाव घेतलेला मला मान्य होणार नाही. या तलावांवर मासेमारी करणाऱ्या संस्थांचे ठेके असतात. पाण्याचा भाग झाकला की जाळं टाकायची जागा कमी होते, ऊन कमी झाल्यावर पाण्यातलं शेवाळ आणि प्राणवायू यांचं प्रमाण बदलतं, त्याचा माशांवर परिणाम होतो. मच्छीमारांना नंतर नुकसानभरपाई देण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून संस्थेचं सभासद करून घ्यावं. होडी त्यांची, पाण्याची जाण त्यांची, पॅनेल धुण्याचं आणि दोर तपासण्याचं काम त्यांना पगारी मिळालं तर दोन्ही बाजूंचं भलं होईल. गावकऱ्यांच्या जनावरांचा पाण्याला उतरायचा रस्ता आणि धुण्याचा घाट मोकळा राहिला पाहिजे. पिण्याच्या पाण्याचा तलाव मात्र घेऊच नये. प्लास्टिकचे ठोकळे पंचवीस वर्षं उन्हात तापल्यावर पाण्यात काय सोडतात याची खात्री होईपर्यंत तरी नको.

पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणी हा आणखी एक पर्याय आहे. तिथं शेती नाही, लाटा नाहीत, वाराही कमी. पण कडे उभे असतात, सकाळ-संध्याकाळ सावली पडते, आणि काही खणी आता गणेश विसर्जनासाठी लागतात. एखादी चांगली रुंद खण सापडली तर तिथं पहिला प्रयोग करायला हरकत नाही.

प्रयोग हवाच, आणि तो छोटा हवा. जिल्हा नियोजनाच्या निधीतून पूर्वेकडच्या एका तलावाची तळमोजणी आणि वर्षभराच्या पाणीपातळीची नोंद आधी करावी. हा खर्च संस्थेवर टाकू नये, कारण पहिल्या पावलालाच तो तिला अडवतो. मग शे-दोनशे किलोवॅटचा तराफा, जवळच्या औद्योगिक वसाहतीतले दहा-बारा सभासद, त्यांतले निम्मे तरी भाड्याच्या गाळ्यातले, आणि मच्छीमार संस्था भागीदार. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे तो चालवून पाहावा. दर महिन्याला किती युनिट निघाले, किती सभासदांच्या मीटरवर पोहोचले, तारेच्या भाड्यात किती गेले, इन्व्हर्टर किती दिवस बंद होता आणि मासळी किती निघाली, हे पाच आकडे तलावाच्या बांधावर आणि वसाहतीच्या कार्यालयात फलकावर लावावेत. युनिट सात रुपयांच्या आत राहिला तर पुढच्या तलावासाठी सभासद गोळा करायला कुणाला जावं लागणार नाही. त्याच्या वर गेला तर तेच पैसे पत्रे आणि कैच्या बदलायला कमी व्याजाचं कर्ज म्हणून द्यावेत, कारण जुन्या शेडची छतं मजबूत केली तर त्यांच्यावरची वीज पाण्यावरच्या विजेहून स्वस्त पडते हे आजच दिसतं आहे.